एक्क्याण्णव ही संख्या मूळ असल्याबाबतचा ठराव

जगात एकही पूर्ण संख्या अशी नाही की जिच्यात काहीच मोठेपणा नाही. मोठेपणा असतोच; तो शोधायला समिती नेमावी लागते, एवढंच. समितीला चहा लागतो, चहाला खारी लागते आणि खारी संपेपर्यंत बैठक लागते. पण समिती बसली आणि संख्येचं थोरपण सिद्ध झालं नाही, असं कोल्हापूर जिल्ह्याच्या सहकारी चळवळीत आजवर घडलेलं नाही. (शून्याचं काय, असं कुणी विचारील. शून्याची सोय झालेली आहे. दरवर्षीच्या अहवालात 'प्रलंबित तक्रारी' या शब्दांसमोर तेच बसतं.)

माणसाच्या वयाच्या बाबतीत मात्र आपल्या पूर्वजांनी फार हलगर्जीपणा केला. पंचाहत्तर म्हणजे अमृतमहोत्सव, हे ठरवलं. एक्याऐंशी म्हणजे सहस्रचंद्रदर्शन, हेही ठरवलं. (हजार पौर्णिमा पाहिल्या असं धरायचं, ढगाळ पौर्णिमा वजा करायची पद्धत नाही.) शंभर म्हणजे शताब्दी, आणि तिला सत्कारमूर्ती हजर असलाच पाहिजे असं नाही. पण एक्याऐंशी आणि शंभर यांच्या मधल्या संख्या त्यांनी वाऱ्यावर सोडल्या. त्या काळी तिथवर कुणी पोचत नसे, हे खरं. पण आपले आण्णा पोचले, त्याला कोण काय करणार?

आण्णा म्हणजे उचगावच्या पलीकडं, हायवे ओलांडून उसातनं आत गेलं की जे गाव लागतं, तिथल्या शुभ्रधेनू सहकारी दूध संस्थेचे चेअरमन. कागदोपत्री आकाराम चौगुले. पण त्यांना एवढ्या पूर्ण नावानं हाक मारणारं माणूस आता हयात नाही, आणि असलंच तर ते विरोधी पॅनेलमध्ये आहे. संस्था निघाली तेव्हा आण्णा चेअरमन झाले आणि नंतर त्यांना उतरवायचं राहून गेलं.

रोज सकाळी दूध घालायच्या वेळेला ते खुर्चीत येऊन बसत. माप, फॅट, पावती हे सगळं आता मशीन करतं. आण्णांकडं मशीनला न कळणारी प्रकरणं येत. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या बांधावरनं कुणाची पाइपलाइन गेली, कुणाची सून माहेरी कोडोलीला जाऊन बसली आणि यायचं नाव घेत नाही. आण्णा सगळं ऐकून घेत, "बघू की" म्हणत आणि बहुधा काही बघत नसत. तरी माणसं समाधानानं घरी जात. कारण 'बघू की' असं सांगायलासुद्धा खुर्चीत कुणीतरी बसलेलं असावं लागतं. खुर्ची नसती तर दिवसभर आपल्याला कोण काय विचारायला येणार, हा विचार आण्णा करत नसत. एकदोनदा केला होता, तेव्हा छातीत कसंतरी झालं आणि डॉक्टरांनी गॅस सांगितला.

त्यांचे चिरंजीव विजयसिंह हे तालुक्याचे युवा नेते. वय त्रेसष्ट. दोन्ही गुडघ्यांना पट्टे आणि मनगटात सोन्याचं कडं, अशा अवस्थेत ते गेली कित्येक वर्षं युवकांचं नेतृत्व करीत होते. त्यांचे चिरंजीव ऋतुराज, वय एकोणचाळीस, दोन मुलांचे बाप. यांच्या नावाखाली फ्लेक्सवर 'भावी युवा नेते' असं लिहिलेलं असे. घरात युवा नेत्याची जागा एकच. ती ऋतुराजला मिळायची तर विजयसिंहांनी वर सरकायला हवं, आणि विजयसिंहांनी वर सरकायचं तर वर आण्णा बसलेले.

आता आपल्याकडं कुणालाही खुर्चीवरनं काढत नाहीत. ते असंस्कृतपणाचं झालं. आपल्याकडं सत्कार करतात. त्याची पद्धत ठरलेली आहे. आधी फेटा बांधतात, म्हणजे कानावर येणारं निम्मं बोलणं बंद होतं. मग शाल, म्हणजे दोन्ही हात आत अडकतात. मग नारळ, म्हणजे अडकलेले हात भरतात. मग मानपत्राचं वाचन, आणि ते पुरं होईपर्यंत खुर्ची हलवून झालेली असते. शेवटी त्या माणसाला 'मार्गदर्शक' म्हणून जाहीर करतात. महिला बचत गटाच्या अध्यक्षा बयाबाई यांना पंचाहत्तरीला असंच मार्गदर्शक करण्यात आलं. त्यानंतर त्यांच्या दारी मार्ग विचारायला आलेली माणसं: एक. (कुरिअरवाला. त्याला शेजारचं घर हवं होतं.)

त्यामुळं 'एक्क्याण्णव गौरव समिती' स्थापन झाल्याचं कळलं, त्या दिवशी आण्णांना काय समजायचं ते समजलं.

"समिती कशापायी बसलीया?" चुलीपाशी भाकरी थापता थापता त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी विचारलं. गॅस घरात दोन होते, पण गॅसवरची भाकरी आण्णांना गिळवत नसे.

"माझ्या एक्क्याण्णवला."

"एक्क्याण्णवात काय असतंय?"

"तेच हुडकाय बसल्यात."

"मग गावंल की. हुडकणारी माणसं चिवट हाईत." त्यांनी भाकरी उलटली. "मी सांगतो तुमास्नी, जाऊच नगा त्या हालात. पोट बिघडलंय म्हणून सांगायचं."

"न जाऊन कसं चालंल? मी न्हाई गेलो तर फोटोचा सत्कार करत्यात. फोटोला तर बोलायबी येत न्हाई."

विठाबाईंनी पुढची भाकरी थापायला घेतली. कार्यक्रमपत्रिका त्यांनीही पाहिली होती. नवव्या क्रमांकावर स्वच्छ छापलेलं होतं: 'मा. आण्णांची आजीवन मार्गदर्शकपदी नियुक्ती, मा. विजयसिंह यांचा चेअरमनपदाचा स्वीकार, व आण्णांचे मनोगत (वेळ मिळाल्यास).' यातलं 'वेळ मिळाल्यास' हे मनोगताला लागू होतं. नियुक्तीला नव्हतं.

समितीपुढची अडचण मात्र खरी होती. पंचाहत्तरीला अमृत मिळालं होतं, एक्याऐंशीला चंद्र मिळाले होते, पंच्याऐंशीला काहीच न सापडल्यामुळं दुग्धतुला करून वेळ निभावून नेली होती. नव्वदी थाटात व्हायची होती, पण नेमकी आचारसंहिता लागली आणि आण्णा नव्वदीतनं सत्काराविनाच निघून गेले. आता एक्क्याण्णव. नुसत्या एक्क्याण्णवला हॉल घ्यायचा तर लोक विचारणार की का. म्हणून समितीनं एक संख्याशास्त्रीय उपसमिती नेमली आणि तिच्यावर हायस्कूलचे निवृत्त गणित शिक्षक फक्रुद्दीन सर यांना घेतलं. समितीतल्या निम्म्या लोकांना सरांनी शाळेत नापास केलेलं होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना पास केल्याचं त्यांना आता वाईट वाटत होतं.

सर कामाला चोख. त्यांनी एक्क्याण्णवचे गुणधर्म एकेक करून काढून दिले आणि समितीनं त्यांचं कार्यक्रमात रूपांतर केलं.

पहिला गुणधर्म: एकपासून तेरापर्यंतच्या सगळ्या संख्यांची बेरीज केली की एक्क्याण्णव येतात. आण्णा सोडून संस्थेचे संचालकही तेरा, हे ऐकून सभागृहात आनंदाचं वातावरण पसरलं. ठरलं असं की पहिल्या संचालकानं एक हार घालायचा, दुसऱ्यानं दोन, तिसऱ्यानं तीन, असं करत तेराव्यानं तेरा. म्हणजे हार बरोबर एक्क्याण्णव. मग पहिला कोण, यावर वाद पेटला. तेरा हार घालायला सगळे तयार होते, एक हार घालायला कुणी नव्हतं. शेवटी तो मान गैरहजर संचालकाला देण्यात आला.

दुसरा गुणधर्म: एकाचा वर्ग, दोनाचा वर्ग, तिनाचा वर्ग असं करत सहाच्या वर्गापर्यंत बेरीज केली तरी एक्क्याण्णवच. म्हणजे लाडू रचायचे झाले तर खाली छत्तीस, त्यावर पंचवीस, मग सोळा, मग नऊ, मग चार, आणि टोकाला एक. एकही लाडू उरत नाही, एकही कमी पडत नाही. ऋतुराज खूश झाला.

"आण्णा, वरचा एक लाडू म्हंजे तुम्ही."

"आन खालचं छत्तीस?"

"सभासद."

आण्णांनी मान हलवली. लाडवांचा ढीग कुठनं खायला घेतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. वरनं.

तिसरा गुणधर्म सरांनी सांगितला नव्हता, तो समितीनं स्वतः शोधला. देशातल्या कुठल्याही मोबाइल नंबराच्या पुढं अधिक एक्क्याण्णव असतं. म्हणजे बिद्रीहून फोन येवो नाहीतर दिल्लीहून, आधी आण्णांचं वय येतं, मग बाकीचं. (वयाच्या नव्वदीपर्यंत हे येत नव्हतं का, असा प्रश्न सरांनी केला. तो विषयपत्रिकेवर नसल्यामुळं घेता आला नाही.)

चौथा: आकडे उलटे केले की एकोणीस. म्हणजे आण्णा उलट्या बाजूनं पाहिले तर अजून कॉलेजात आहेत.

पाचव्या गुणधर्मापाशी मात्र गाडं अडलं. ऋतुराजनं मोबाइलवर वाचलं होतं की संख्यांमध्ये सगळ्यात खानदानी म्हणजे मूळ संख्या. तिला एकानं आणि स्वतःनं भाग जातो, तिसऱ्या कुणाला ती दाद देत नाही. बँकांचे पासवर्डसुद्धा म्हणे अशाच संख्यांच्या जिवावर चालतात. त्यानं एक्क्याण्णवला दोनानं भागून पाहिलं, गेलं नाही. तिनानं नाही. पाचानं तर नाहीच. यापुढं तपासायची त्याला गरज वाटली नाही. सरांना विचारायच्या आधीच त्यानं तावडे हॉटेलच्या चौकात चाळीस फुटी फ्लेक्स चढवला: 'मूळ संख्येचे मानकरी, आमचे आण्णा'. खाली आण्णांचा साठीतला फोटो, आणि त्यांच्या खांद्याच्या मागनं डोकावणारी तालुक्यातली अठ्ठावीस तोंडं.

सरांनी बैठकीत चष्मा पुसला.

"एक्क्याण्णव मूळ संख्या नाही."

"नाही म्हंजे?"

"तेर सत्ते एक्क्याण्णव. सातानं भाग जातो, तेरानंही जातो."

समिती गंभीर झाली. "सर, तेराचा पाढा आता शाळेत कोण म्हणतंय?" असं एकानं निदर्शनास आणलं. दुसऱ्यानं विचारलं की कार्यक्रमापुरता भाग जायचा थांबवता येईल का. तिसऱ्यानं मुद्द्याचं सांगितलं: फ्लेक्स लागलेला आहे, जाणारायेणारा प्रत्येक माणूस तो वाचतो आहे, आणि लागलेल्या फ्लेक्सविरुद्ध गणित चालल्याचं उदाहरण नाही.

"हे मत घेऊन ठरत नसतं," सर म्हणाले.

"मग कशानं ठरतंय?" विजयसिंहांनी विचारलं. त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्यांच्या आजवरच्या आयुष्यात प्रत्येक गोष्ट हात वर करूनच ठरली होती. एकदा तर पावसासाठीही ठराव झाला होता आणि पाऊस दुसऱ्या आठवड्यात पडलाही होता.

तेव्हा मत घेण्यात आलं. ठराव असा झाला: 'मा. आण्णांचे वय ही मूळ संख्या असून, एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कोणाचाही भाग जात नाही, याची ही सभा अभिमानपूर्वक नोंद घेत आहे. सूचक विजयसिंह, अनुमोदक ऋतुराज. विरुद्ध मत एक (गणिताचे शिक्षक).' थोर माणसाचं वय आकड्यात लिहिणं बरं दिसत नाही म्हणून आकडा घातला नाही. मग ठराव संचालक मंडळापुढं आला, गैरहजर धरून तेराही संचालकांनी सह्या केल्या, आणि चेअरमन या नात्यानं शेवटी आण्णांनी केली. सही करताना त्यांनी सरांकडं पाहिलं. सर खिडकीतनं बाहेर, वैरणीच्या ट्रॅक्टरकडं पाहत होते.

समारंभ एक जूनला होता. शाळेच्या दाखल्याप्रमाणं आण्णांचा जन्म त्याच तारखेचा. इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी खुलासा केला पाहिजे. गावातल्या साठीच्या पुढच्या दर शंभर माणसांपैकी ब्याऐंशी जणांचा वाढदिवस एक जूनलाच येतो. उरलेले अठरा शाळेत गेलेले नाहीत. पोर नाव घालायला आणलं की गुरुजी त्याचं तोंड बघत, उंची बघत, उजवा हात डोक्यावरनं डाव्या कानाला पोचतो का ते बघत आणि अंदाजानं साल घालून पुढं एक जून लिहीत. त्यामुळं त्या दिवशी गावात औक्षणाला तुपाची टंचाई होते.

हॉल कोल्हापुरात घेतला होता, एसीचा. आण्णांना फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला. बारा संचालकांनी दोनापासून तेरापर्यंत हार घातले. नवव्या संचालकानंतर आण्णा दिसायचे बंद झाले, आणि शेवटच्या तेरा हारांच्या वेळी 'सत्कारमूर्ती नक्की कुठल्या बाजूला आहेत' अशी विचारणा व्यासपीठावर करावी लागली. लाडवांचा मनोरा पुढं मांडलेला होता. वरचा एक लाडू पाहुण्यांच्या नातवानं कधीच उचलला होता.

मानपत्र वाचून झालं. मग निवेदकानं पाचव्या गुणधर्माचा ठराव वाचला, सूचक, अनुमोदक, तेरा सह्यांसकट. टाळ्या झाल्या. मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आण्णांना फेट्यातनंही ऐकू आला. दोन पोरांनी चेअरमनची खुर्ची संस्थेतनं टेम्पोत घालून मुद्दाम आणली होती, आणि विजयसिंह गुडघे सांभाळत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

"आता मा. आण्णा आपल्या मौलिक मार्गदर्शनातून..." निवेदक म्हणाला.

"माईक दे हिकडं," हारांच्या आतनं आवाज आला.

वेळ तसा मिळालेला नव्हता. पण माईक हारात गेला तो परत बाहेर येईना.

"पावणं, सगळ्यास्नी रामराम. मी काय भाषण करत न्हाई. माझा एकच प्रश्न हाय, आन तो सरास्नी हाय. फक्रुद्दीन सर, कुठं बसलाय?"

सर सहाव्या रांगेत होते. उभे राहिले.

"सर, एक्क्याण्णवला सातानं भाग जातोय का न्हाई?"

"जातो."

"तेरानं?"

"तोही जातो."

"म्हंजे ती मूळ संख्या न्हवं."

"नाही. मी मत नोंदवलेलं आहे."

"व्हय, वाचलंय मी. आन संचालक मंडळाचा ठराव काय म्हणतोय? आण्णांचं वय मूळ संख्या हाय. तेरा सह्या, वर माझी. तेराही संचालक खोटं बोलत्यात असं तर मी चेअरमन म्हणून म्हणू शकत न्हाई. बरं, गणित खोटं म्हणावं तर तुम्ही उठून जाशीला. तवा दोन्हीबी खरं धरायचं. दोन्ही खरं धरलं तर माझं वय किती?"

सरांनी नेहमीप्रमाणं चष्मा पुसला, पण या वेळी त्यांना घाई नव्हती. आयुष्यभर त्यांनी वर्गात प्रश्न विचारले होते. आज पहिल्यांदाच त्या गावातनं एखादा प्रश्न त्यांच्याकडं नीट मांडून आला होता.

"दोन्ही खरं धरलं, तर तुमचं वय एक्क्याण्णव नाही. जवळची मूळ संख्या घ्यावी लागेल. खाली एकोणनव्वद."

"आन वर?"

"वर एकदम सत्त्याण्णव."

"सत्त्याण्णव नगं," आण्णा म्हणाले. "एकोणनव्वद असू दे."

विजयसिंह पुढं झाले. "आण्णा, काय लावलंय? दाखल्यावर एक्क्याण्णव हाय की स्वच्छ. एक जून."

"दाखला कुणी लिवला? गुरुजींनी. गुरुजी माझ्या बारशाचं जेवण जेवलं हुतं काय? माझा हात कानाला पोचला म्हणून मला आत घेतला. माझं हात मुळात लांब हाईत." त्यांनी हारांतनं एक हात बाहेर काढून दाखवला. तो लांब होता. "बरं, ह्या हालात ज्यांचा ज्यांचा जन्म खरोखर एक जूनला झालाय, त्यांनी हात वर करा. आईशपथ घेऊन."

हॉलमध्ये वाढदिवस असलेली माणसं शंभरावर होती. एकही हात वर झाला नाही. सगळे अचानक आपापल्या चपला बघू लागले. कारण आण्णांची तारीख उकरली तर प्रत्येकाची उकरावी लागणार, आणि त्यात कुणाची पेन्शन, कुणाची नोकरी, कुणाची धाकट्या भावाच्या आधी झालेली निवृत्ती, असं काय काय निघालं असतं सांगता येत नाही.

"वैनी, तुम्ही सांगा," कुणीतरी बायकांच्या बाजूला बसलेल्या विठाबाईंना म्हटलं.

"लगीन झालं तवा ह्यांचं वय ह्यांच्या आईलाबी ठावं नव्हतं," विठाबाई म्हणाल्या. "म्हणत हुती, मिशी फुटलीया, करून टाका."

ऋतुराज घाम पुसत माईकपाशी आला. "बरं, एकोणनव्वद तर एकोणनव्वद. मग आजचा सत्कार?"

"तो एक्क्याण्णवचा हाय. माझं एक्क्याण्णव लागलं की करा. मी कुठं न्हाई म्हणतोय?"

"म्हणजे दोन वर्षांनी."

"दोन वर्षांनी नाही," सहाव्या रांगेतनं सर म्हणाले. ते अजून उभेच होते. "एकोणनव्वदच्या पुढची मूळ संख्या सत्त्याण्णव. मध्ये एकही नाही. ठराव कायम आहे तोवर आण्णांचं वय एकोणनव्वदवरून थेट सत्त्याण्णववर जाईल. एक्क्याण्णव त्यांना लागणारच नाही."

यावर टाळ्या कुणी सुरू केल्या ते नक्की कळलं नाही. बयाबाईंनी केल्या असाव्यात असा अंदाज आहे. त्या पहिल्या रांगेच्या अगदी कडेला, मार्गदर्शकांच्या खुर्चीत बसलेल्या होत्या.

ठराव मागं घ्यायचा म्हटलं तर संचालक मंडळाची बैठक लागणार, बैठक बोलवायला चेअरमन लागणार, आणि चेअरमन आण्णा. शिवाय ठराव चुकला असं म्हणणं म्हणजे सूचक विजयसिंह आणि अनुमोदक ऋतुराज यांना तेराचा पाढा येत नाही असं निवडणुकीच्या तोंडावर इतिवृत्तात लिहून ठेवणं. विजयसिंहांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, मग त्यांनी हळूच फक्रुद्दीन सरांना कोपऱ्यात घेतलं.

"सर, आण्णा दोनानं खाली आलं, तर मी कुठं हाय?"

"तुम्ही एकसष्ट."

"ती मूळ हाय?"

"आहे. पुढची सदुसष्ट."

"म्हंजे सदुसष्टपतोर मी एकसष्टच." विजयसिंहांनी गुडघ्याचा पट्टा घट्ट केला. युवा नेतेपदाची मुदत एकदम इतकी वाढलेली त्यांच्या हयातीत पहिलीच. ऋतुराज एकोणचाळीसवरून सदतीसवर आला, तोही मूळ निघाला. चाळिशी टळली. जाताना तो लाडवांच्या दुसऱ्या थरातले दोन लाडू घेऊन गेला.

टेम्पोतनं आलेली खुर्ची टेम्पोतनंच परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा तीत बसले होते. पहिलाच माणूस पाइपलाइनीचं भांडण घेऊन आला. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघू की." त्या दिवशी त्यांनी खरोखरच जाऊन बघितलंही, असं सांगतात, पण यावर गावात दोन मतं आहेत.

खरी क्रांती पुढं झाली. चेअरमनला एक कायदा आणि सभासदाला दुसरा, हे सहकारात चालत नाही. सभासदांनी मागणी केली, सर्वसाधारण सभेनं मंजुरी दिली, आणि गावात सरसकट मूळ वय लागू झालं. नियम सोपा होता: आपलं जे वय असेल ते, आणि ते मूळ नसेल तर त्याच्या खालचं मूळ. बायकांनी या सुधारणेचं मनापासून स्वागत केलं. एकतीसला पोचलेल्या बाईला सदतीसपर्यंत कुणी हात लावू शकत नव्हतं. अकरावं लागलेल्या पोराला तेरावं लागेपर्यंत अकराच राहायची मुभा मिळाली, त्यामुळं एसटीचं अर्धं तिकीट लांबलं. अडचणीही आल्या, नाही असं नाही. अठ्ठावन्नला निवृत्त व्हायचं म्हटलं तर त्रेपन्नच्या पुढं एकदम एकोणसाठ येतात, तेव्हा तलाठी आप्पा नक्की निवृत्त झाले का आणि झाले असतील तर केव्हा, याचा निकाल अजून लागलेला नाही. लग्नाला मुलाची एकवीस वर्षं पूर्ण असावी लागतात. एकोणीसच्या पुढं तेवीस येतात, एकवीस येतच नाहीत. पण गावातल्या पोरांना तशाही मुली कुणी देत नव्हतं, त्यामुळं हा फरक कुणाला जाणवला नाही.

सरकारी पातळीवर या प्रयोगाची दखल घ्यायला एक पथक येऊन गेलं. त्यांनी पाहणी केली, जेवण केलं, पांढरा रस्सा दोनदा मागून घेतला आणि जाताना पथकप्रमुखांनी फक्रुद्दीन सरांना बाजूला घेऊन आपलं स्वतःचं वय सांगितलं. सरांनी मूळ संख्या काढून दिली. ते हसतमुखानं गेले.

तुम्हीही हसलात, बरं केलंत. खेड्यातल्या माणसांचं असलं काही वाचलं की हसूच येतं. पण हे वाचता वाचता मध्ये कुठंतरी तुम्ही आपलं वय मनात घेतलंत. त्याला तिनानं भागून बघितलं, मग सातानं, मग जरा थांबून तेरानं. भाग गेला नाही तेव्हा बरं वाटलं. गेला तेव्हा खालचं कुठलं ते पाहिलंत. ह्यात लाजण्यासारखं काही नाही, सगळेच पाहतात. फक्त एक लक्षात असू द्या. हेच गणित घरातलं दुसरं कुणीतरी तुमच्या आधी करून बसलेलं असतं. परवा चिरंजीवांनी सहज म्हणून तुमचा एक जुना, चांगला आलेला फोटो मोबाइलवर पाठवायला सांगितला, तो कशाला, हे विचारायचं तुमच्याकडनं राहून गेलेलं दिसतं.